ओव्यांची कणगी

खळ्यावरचा दाणा घरात आला की आपण तो किती जपतो! उन्हात वाळवतो. पाखडून घेतो. कडुलिंबाचा पाला मिसळून कणगीत भरतो आणि कणगीचे तोंड शेणमातीने लिंपून टाकतो. बियाण्याची तर गोष्टच वेगळी. घरात उपास पडला तरी बियाण्याला हात लावू नये, असे जुनी माणसे सांगत आली. बी गेले म्हणजे पुढचे पीक गेले.

आपल्या घरात आणखीही एक धान्य असते. ते सुपात घेऊन पाखडता येत नाही. ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असते. आजीच्या ओव्या, हादग्याची गाणी, भारुडे, पोवाडे, म्हणी, उखाणे, गावच्या जुन्या गोष्टी. कुणाच्या पेटीत आजोबांची अभंगांची वही असते. कुणाच्या माळ्यावर मोडी कागदांचे गाठोडे असते. हेही धान्यच. त्याने पोट भरत नाही. पण आपण कोण, कुठले, आपली माणसे कशी जगली, हे त्याच्यावाचून कळत नाही.

हे धान्य कोणत्या कणगीत ठेवायचे? आजकाल त्यासाठी एक नवी कणगी निघाली आहे. आवाज, लिखाण, चित्र, फोटो सारे कॉम्प्युटरमध्ये साठवता येते आणि मागेल त्याला दूरवर ऐकवता-दाखवता येते. अशा साठ्याला डिजिटल संग्रह म्हणतात. नाव जरा अवघड आहे. गोष्ट सोपी आहे. ती आपण जात्यावरच्या ओवीपासून समजून घेऊ.

जाते थांबले

आपल्या भवानीनगरच्या भागाकडे पाहा. नीरा डावा कालवा आला. पाण्यामागून ऊस आला. उसामागून श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना उभा राहिला. रस्ते झाले, वीज आली, शाळा आल्या. आणि घरोघरच्या जात्यांना सुट्टी देणारी पिठाची गिरणीही आली.

गिरणी नव्हती तेव्हा काय होते? कोंबडा आरवायच्या आधी घरातली बाई उठायची. अंधारातच जात्यापुढे बसायची. समोर जाऊ नाहीतर सासू. दोघींचे हात एका खुंट्यावर. मुठीमुठीने ज्वारी-बाजरी घालायची आणि ओढायचे. दिवसभराचे पीठ पडेपर्यंत खांदे भरून यायचे. या कष्टात तिला सोबत होती ती ओवीची. जात्याची घरघर हाच तिचा ताल. एक ओळ एकीने म्हणायची, दुसरीने ती उचलायची.

गिरणी आली आणि बाईचे हे कष्ट वाचले. फार चांगले झाले. जाती पुन्हा फिरवा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्यांनी ती ओढली, त्यांना विचारा. त्या हात जोडून म्हणतील, "नको गं बाई ते दिवस!"

पण जाते थांबले तशी ओवीची जागाच गेली. ओवी काही पाटावर बसून शिकवायची गोष्ट नव्हती. लेक आईच्या मांडीवर डोके ठेवून अर्धवट झोपेत ती ऐकायची. पुढे सासरी गेल्यावर तीच ओवी तिच्या तोंडून आपोआप यायची. दळण संपले आणि ही शाळाही सुटली. ज्यांनी जाते ओढले त्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. दरवर्षी त्यांतल्या काही जणी आपल्याला सोडून जातात. एकेका आजीबरोबर किती ओव्या जातात, याची मोजदाद कोण करतो?

ओवीत असते तरी काय?

कुणी म्हणेल, "बायकांची गाणी ती! गेली तर काय बिघडले?" म्हणून ओवीत काय असते ते आधी पाहू.

ओवीत माहेर असते. वाटेकडे डोळे लावून बसलेली बहीण आणि उशिरा येणारा भाऊ असतो. आईची माया असते, सासूचा धाक असतो. पहिल्या पावसाचा आनंद असतो, दुष्काळाची धास्ती असते. पंढरीची वाट असते. विठोबाशी रुसणे असते, रुक्मिणीचे कौतुक असते. सीतेच्या वनवासाचे दुःखही असते. कारण त्यात बाईला आपलेच दुःख दिसते.

आता नीट विचार करा. त्या बाईला लिहायला कुणी शिकवले नाही. शाळेच्या दाखल्यावर तिचे नाव नाही. बहुतेक घरांत सातबाऱ्यावरही तिचे नाव नव्हते. राजेरजवाड्यांच्या बखरी लिहिल्या गेल्या, त्यांत ती नाही. मग ती काय विचार करत होती, तिला कशाचे सुख वाटे, कशाची बोच लागे, हे कुठे सापडणार? ते ओवीतच सापडणार. ओवी म्हणजे तिने न लिहिता ठेवलेला कागद. तो फाटला तर त्याची दुसरी नक्कल कुठल्या कचेरीत मिळायची नाही.

ओव्या हरवणे ही साधी गोष्ट नाही, ती यासाठी.

बहिणाबाईंची गोष्ट

खानदेशात जळगावजवळ आसोदे नावाचे गाव आहे. तिथे १८८० साली एक मुलगी जन्मली. तिचे नाव बहिणा. लग्न होऊन ती जळगावच्या चौधरींच्या घरी आली. शेतात राबली, घरात राबली. पुढे पतीचे निधन झाले, तरी ती डगमगली नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पण दळताना, कांडताना, शेतात काम करताना तिला आपोआप गाणी सुचत. आपल्या खानदेशी बोलीत ती ती म्हणत राही. शेत, पेरणी, पाखरू, घरोटे म्हणजे जाते, माणसाचे मन, सगळे तिच्या गाण्यात आले.

तिचे भाग्य असे की घरात लिहिणारे हात होते. तिचा मुलगा सोपानदेव हा स्वतः कवी होता. त्याने आणि एका मावसभावाने तिच्या तोंडची काही गाणी वहीत उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. गाणी ऐकून अत्रे थक्क झाले. त्यांच्या खटपटीने १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले.

ते पुस्तक आज घराघरात आहे. मुले शाळेत ती गाणी शिकतात. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव दिले गेले. ज्या बाईला अक्षर येत नव्हते, तिच्या नावाचे विद्यापीठ!

हे कशाने घडले? तिच्या बुद्धीने तर घडलेच. पण एका वहीनेही घडले. वही नसती तर एवढे मोठे धन मातीत गेले असते आणि कुणाला पत्ताही लागला नसता. जी गाणी त्या वहीत उतरली नाहीत, ती गेलीच. आता आपल्या गावात बघा. आपल्याकडेही बहिणाबाई असेल. तिच्या घरात वही आहे का?

ओव्या वेचणारी माणसे

शेतात पडलेली कणसे वेचणारी माणसे असतात. त्यांना आपण सर्वा वेचणारे म्हणतो. महाराष्ट्रात ओव्यांचा सर्वा वेचणारी माणसेही होऊन गेली.

साने गुरुजींनी बायकांच्या तोंडच्या ओव्या मिळवून 'स्त्री जीवन' हे पुस्तक केले. सरोजिनी बाबर या सांगली जिल्ह्यातल्या बागणी गावच्या. त्या महाराष्ट्राच्या लोकसाहित्य समितीच्या अध्यक्षा होत्या. गावोगावची गाणी, कहाण्या, उखाणे जमवून त्यांनी एकामागून एक पुस्तके काढली. नव्याने वाचायला शिकलेल्या माणसांसाठी त्यांनी 'समाजशिक्षण माला' ही चालवली. तुम्ही आत्ता वाचता आहात तशाच पुस्तकांची ती माळ होती.

पुस्तकात ओवीचे शब्द आले. पण तिचा गळा आला नाही. ओवी कुठे लांबवायची, कुठे श्वास घ्यायचा, कुठे आवाज भरून येतो, ते कागदावर कसे उमटणार? ते काम पुढे झाले. ते आपल्या पुणे जिल्ह्यातच सुरू झाले, हे विशेष.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटेव्हिन हे दोघे मुळशीच्या डोंगरातल्या गरीब लोकांमध्ये काम करत होते. या बायका सभेत फारशा बोलत नाहीत, पण ओवीत मन मोकळे करतात, हे त्यांच्या ध्यानात आले. १९८० नंतरच्या वर्षांत त्यांनी सोबत्यांच्या मदतीने ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. काम वाढत गेले. मुळशीतून दुसऱ्या तालुक्यात, पुण्यातून दुसऱ्या जिल्ह्यांत. पुढे बर्नार्ड बेल नावाचे फ्रेंच जाणकार त्यांना येऊन मिळाले. त्यांना संगीतही कळत होते आणि कॉम्प्युटरही. त्यांनी ओव्यांची कॉम्प्युटरमध्ये पद्धतशीर मांडणी केली आणि शंभर तासांहून अधिक आवाज टेपवर भरून घेतला.

किती ओव्या जमल्या असतील? एक लाखाहून अधिक! हजाराहून अधिक गावांतून, तीन हजारांहून अधिक बायकांच्या तोंडून. या बायका सगळ्या जातींच्या होत्या. शेतकरीण होती, मजूरही होती. १९९६ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगर वस्तीत गेल्यावर तिथल्या बायकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या म्हटल्या. जातेही तेच, चालही तीच. पण ओवीत विठोबाच्या जागी भीमराव आले होते. ओवी ही जुनी असून शिळी नसते, ती अशी.

गी पॉइटेव्हिन २००४ साली वारले. हेमाताईही आज आपल्यात नाहीत. मग त्यांचा हा साठा कपाटात कुलूपबंद राहिला का? नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली 'पारी' नावाचा एक संग्रह सुरू केला. भारतातल्या खेड्यांचे जगणे, कामधंदे, गाणी लोकांपुढे मांडायची, हे त्याचे काम. २०१७ पासून पारीने या ओव्या लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली. मोबाईल असलेल्या कुणालाही त्या फुकट वाचता येतात. पुष्कळशा ओव्या गाणारणीच्या आवाजात ऐकताही येतात. खाली तिचे नाव असते, गाव असते. ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नव्हते, ते आता जगापुढे आहे.

काटा आणि पावती

कॉम्प्युटरमध्ये आवाज राहतो तरी कसा? हे समजायला कारखान्याच्या फाटकाशी चला.

उसाचा ट्रॅक्टर काट्यावर येतो. वजन होते. आकडा पावतीवर उमटतो. ऊस पुढे गव्हाणीत जातो, त्याचा रस निघतो, चोयट्या होतात. पण आकडा राहतो. तो आकडा दहा पावत्यांवर उतरवला तरी वजन गुंजभर कमी होत नाही. पहिल्या पावतीवर जो आकडा, तोच दहाव्या पावतीवर.

आवाजाचेही असेच करतात. आवाज म्हणजे हवेतला हेलकावा. यंत्र तो हेलकावा क्षणोक्षणी मोजते आणि आकडे लिहून ठेवते. किती भराभर मोजते? सीडी म्हणून जी गाण्यांची चकचकीत तबकडी असते, तिच्यासाठी एका सेकंदात ४४,१०० वेळा! ऐकायचे असेल तेव्हा यंत्र तेच आकडे ओळीने वाचते आणि पहिल्यासारखा हेलकावा पुन्हा उठवते. आपल्याला आजीचा आवाज जसाच्या तसा ऐकू येतो. फोटोचे, पुस्तकाच्या पानाचेही तसेच. पानाचे बारीक बारीक ठिपके मानतात आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग आकड्यात मांडतात.

याचा फायदा कोणता? पूर्वी टेपवरून दुसरी टेप उतरवली की आवाज थोडा फिका पडे. तिच्यावरून तिसरी उतरवली की आणखी फिका. खरखर वाढे. टेपची फीतही कालांतराने चिकटते, तिला बुरशी येते. आकड्यांचे तसे नाही. हजारावी नक्कलही पहिलीइतकीच चोख असते. आणि एका घरातून दुसऱ्या घरात धान्य दिले तर पहिल्याचे कमी होते. पण या कणगीतले कितीही दिले तरी देणाऱ्याचे काही कमी होत नाही.

दुसरा फायदा शोधण्याचा. लाख ओव्यांच्या वह्या रचल्या तर त्यांतून भावाच्या ओव्या काढायला महिने लागतील. कॉम्प्युटरला नुसता 'भाऊ' हा शब्द लिहून दिला की तो शोधून पुढे ठेवतो. अमक्या तालुक्यातल्या ओव्या, पंढरीच्या ओव्या, पावसाच्या ओव्या, अशा वेगवेगळ्या राशी क्षणात करता येतात.

एका ठिकाणी ठेवू नये

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. कॉम्प्युटर म्हणजे अमरपट्टा नव्हे. मोबाईल विहिरीत पडतो. त्यातले कार्ड बिघडते. यंत्रे जुनी होतात. म्हणून नक्कल एकाच ठिकाणी ठेवू नये. हा धडा काही नवा नाही. तो आपल्याला तुकोबांच्या गाथेने शिकवला आहे.

वारकरी मंडळी सांगतात की तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी वर आल्या. भाविक माणसे त्यात देवाची कृपा पाहतात. आणखीही एक गोष्ट तितकीच खरी. तुकोबांचे अभंग लोकांच्या तोंडी होते. चाकणच्या संताजी जगनाडे यांच्यासारखे सोबती ते लिहून घेत. गावोगावी त्यांच्या वह्या झाल्या. म्हणूनच पुढे १८७३ साली मुंबईत सरकारच्या मदतीने गाथा छापून पुरी झाली, तेव्हा जुन्या वह्या एकमेकींशी ताडून पाहता आल्या. एकच वही असती तर काय ताडणार?

आपल्या बारामतीचे उदाहरण घ्या. कऱ्हेकाठी राहून मोरोपंतांनी आर्या रचल्या. १७२९ साली त्यांचा जन्म, १७९४ साली मृत्यू. त्यांच्या हयातीत मराठी छापखाना नव्हता. तरी त्यांचे काव्य आपल्यापर्यंत पोचले. कारण माणसांनी दौत-लेखणी घेऊन हाताने नकला उतरल्या आणि कीर्तनकारांनी ते गावोगाव नेले.

उलट, जिथे एकच प्रत असते तिथे घात होतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. घरेच पडली, तिथे पेटीतल्या वह्यांचा, पोथ्यांचा आणि फोटोंचा काय पाड? पूर सोडा, वाळवीला तर पुराचीही गरज लागत नाही.

म्हणून साधा नियम असा करावा. तीन नकला कराव्या. एक आपल्या घरी. एक गावच्या वाचनालयात किंवा शाळेत. एक दूरच्या गावी, लेकीकडे नाहीतर भावाकडे. आणि पाच-सहा वर्षांनी ते सारे नव्या यंत्रात उतरून घ्यावे. कणगी दरवर्षी लिंपावी लागतेच ना?

विचारून घ्यावे, नाव लावावे

धान्याच्या पोत्याला चिठ्ठी नसेल तर आत मालदांडी आहे की आणखी काही, कसे कळणार? ओवीचेही तसेच. नुसता आवाज भरून ठेवला आणि कुणाचा, कुठला, केव्हाचा हे लिहिले नाही, तर वीस वर्षांनी तो आवाज पोरका होतो. म्हणून प्रत्येक आवाजाबरोबर पाच गोष्टी लिहाव्या: म्हणणारीचे नाव, तिचे सासर, तिचे माहेर, तारीख, आणि ओवी कुणाकडून शिकली ते. माहेर का? कारण बाई सासरी आली तरी ओवी माहेरची बोलते.

दुसरी गोष्ट परवानगीची. आजीचे गाणे तिला न विचारता कुणाच्या मोबाईलवर धाडू नये. ओवीत तिने आपले मन उघडे केलेले असते. एखादी ओवी सासूविषयी असते, एखादी दारुड्या नवऱ्याविषयी. गावभर झाली तर तिलाच तोंड लपवावे लागेल. तेव्हा आधी विचारावे, "आजी, हे भरून घेऊ का? कुणाकुणाला ऐकवू?" ती नको म्हणाली तर थांबावे. "एवढी एक काढून टाक रे बाबा," असे ती म्हणाली, तर तेवढी काढावी.

आणि तिसरी गोष्ट. ज्याची ठेव त्याचे नाव. गाणे आजीचे आणि नाव मोबाईलवाल्याचे, असे होऊ नये. कुणी त्यावर पैसे मिळवणार असेल, तर तेही तिला आधी सांगितले पाहिजे आणि तिचा वाटा तिला मिळाला पाहिजे.

आपल्या गावात काय करता येईल?

हे काम पुण्या-मुंबईच्या माणसांनीच करायचे असे नाही. आज घरोघर मोबाईल आहे. त्यात आवाज भरता येतो. कुठून आरंभ करावा?

आपल्या घरातल्या आजीपासून करावा. एक सांगतो. आजीला नुसते "ओवी म्हण" म्हटले तर ती म्हणणार नाही. "मला काय येतंय? सगळं विसरले मी," असेच म्हणेल. तिला जात्यापाशी बसवा. घरात जाते असेल तर धुऊन पुसून मांडा. मूठभर ज्वारी घाला. खुंट्याला तिचा हात लागू द्या. शेजारची तिच्या वयाची एखादी बाई समोर बसवा. मग पाहा. हात फिरू लागला की गळा आपोआप उघडतो. पुरुषमंडळींनी जरा बाजूला व्हावे हे बरे. पंखा, टीव्ही बंद करावा. मोबाईल तोंडापासून हातभर अंतरावर कापडावर ठेवावा. मध्ये बोलू नये.

आषाढात तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडीवरून आपल्या भवानीनगरला येते. सणसरला मुक्काम होतो. पुढे बेलवाडीला रिंगण होते. वारीत गावोगावच्या बायका असतात. वाटेने त्या गातात. त्यांना पाणी द्या, भाकरी द्या, आणि त्यांच्या मर्जीने दोन ओव्याही मागून घ्या.

आणखी एका जागेचा फारसा कुणाला विचार सुचत नाही. ती जागा म्हणजे ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या. दर हंगामात बीडकडून, मराठवाड्यातून ही माणसे आपल्या भागात येतात. थंडीवाऱ्यात पहाटे फडात उतरतात. आपण त्यांच्या मोळ्या मोजतो, टनाचा हिशेब करतो. त्यांच्या म्हाताऱ्यांना काय काय गाणी येतात, हे कधी विचारले आहे का? ज्या बीड जिल्ह्यातून ओव्यांचा एवढा साठा निघाला, तिथलीच ही माणसे. आपल्या दारात आलेली ठेव आहे ही. हंगाम संपला की ती निघून जाते.

जुन्या वह्या, मोडी कागद, फोटो असतील तर उन्हाच्या तिरिपेत नव्हे, पण चांगल्या उजेडात ठेवून एकेका पानाचा सरळ फोटो घ्यावा. पानांना नंबर द्यावे. मूळ कागद मात्र फेकू नये. फोटो झाला म्हणून मूळ वही बंबात घालणे म्हणजे पावती मिळाली म्हणून ऊसच जाळून टाकण्यासारखे आहे.

जमलेले कुठे द्यावे? वाचनालयात द्यावे. शाळेतल्या गुरुजींना, कॉलेजातल्या मुलांना सांगावे. मोठ्या संग्रहांशी पत्रव्यवहार ते करू शकतील. अशा कणग्या आता पुष्कळ आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या निरनिराळ्या बोली आवाजासकट जमवून सर्वांना खुल्या केल्या आहेत. मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड आता मोबाईलवर फुकट वाचता येतात. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या 'इंटरनेट आर्काइव्ह' या संग्रहात जुनी, दुर्मिळ झालेली मराठी पुस्तकेही सापडतात. आपला गावचा साठाही त्यांच्या पंगतीला बसू शकतो.

पेरले तरच पीक

शेवटी एकच सांगायचे. कणगीत बी सुरक्षित राहते. पण कणगीत पीक येत नाही. बी बाहेर काढून पेरावे लागते. कॉम्प्युटरमध्ये लाख ओव्या राहिल्या आणि आपल्या घरात एकही उमटली नाही, तर कणगी भरलेली आणि शेत पड, अशी गत होईल.

म्हणून ऐकावे आणि ऐकवावे. लेकीच्या हळदीला एखादी ओवी म्हणावी. नातवाला निजवताना म्हणावी. शाळेत मुलांनी आजीच्या ओवीचा अर्थ विचारून यावा. आणि तुम्ही तर आता अक्षर शिकला आहात. बहिणाबाईंना लिहून घ्यायला मुलगा लागला. तुम्हाला कुणाची वाट पाहायचे कारण नाही. आजच्या आज एक वही घ्या आणि तुमच्या तोंडात असलेली पहिली ओवी तुमच्या हाताने लिहून काढा. खाली आपले नाव घाला, गाव घाला, तारीख घाला.

वर्गात बोला

१. तुमच्या वाडीत जात्यावर दळलेल्या किती आजी आज आहेत? त्यांची नावे लिहा.
२. तुमच्या घरात जुनी वही, कागद किंवा फोटो आहे का? त्याची दुसरी नक्कल कुठे आहे?
३. एखाद्या बाईची ओवी मोबाईलमध्ये भरण्याआधी तिला काय काय विचारावे?
४. या आठवड्यात एक ओवी लिहून आणा. ती कुणाकडून आली, तेही लिहा.